पॉलिटेक्निक-आयटीआयमधले इंग्रजीचे शिक्षक: आपण नक्की कुठल्या डिपार्टमेंटचे?

शाईपेन (धागालेखिका)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

मी डिप्लोमाला इंग्रजी शिकवते. एमए इंग्लिश, सेट वगैरे सगळं झालेलं आहे. लग्नकार्यात कुणी विचारलं काय करता, आणि मी "पॉलिटेक्निकला लेक्चरर" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "अरे वा, कुठली ब्रँच?" मग इंग्रजी म्हटलं की आवाज खाली, "हो का, तिथं इंग्रजी पण असतं का?" असतं हो. पहिल्या वर्षाला असतं आणि पहिल्या वर्षालाच असतं, तिथंच सगळी गोम आहे.

एमएसबीटीईची, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची, के स्कीम (आत्ताचा डिप्लोमाचा अभ्यासक्रम) २०२३ ला आली. पहिल्या सेमला कम्युनिकेशन स्किल्स, मग बहुतेक ब्रँचना दुसऱ्या सेमला प्रोफेशनल कम्युनिकेशन, की आमचं काम संपलं. सेकंड इयरला पोरं आपापल्या ब्रँचच्या मजल्यावर गेली की ती मेकॅनिकलची, सिव्हिलची, कॉम्प्युटरची होतात. प्रोजेक्ट, व्हायवा, कॅम्पस, सेंडऑफचे फोटो, सगळं तिकडं. आम्ही बसतो सायन्स अँड ह्युमॅनिटीजमधे, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सवाल्यांबरोबर, आणि ते म्हणणार तुमचं बरंय बुवा, प्रॅक्टिकल म्हणजे गप्पाच.

पण कॉलेजचं पान आमच्यावाचून हलत नाही हेही खरं. एनबीए (अभ्यासक्रमांना मानांकन देणारी समिती) येणार असली की सगळ्या विभागांचे रिपोर्ट माझ्या टेबलावर, "मॅडम जरा इंग्रजी बघून द्या". गॅदरिंगचं अँकरिंग मी, पाहुण्यांना निमंत्रण मी, न्यूजलेटर मी, प्राचार्यांचं कुठलंही पत्र मी. एकदा एका विभागाच्या कपाटावर चिकटवायची पाटीसुद्धा तपासून मागितली होती. यातलं काहीही वर्कलोडमधे धरत नाहीत ते वेगळंच.

तर प्रश्न असा की तुम्ही लोक स्वतःला काय समजता? साहित्याचे शिक्षक? भाषेचे? सॉफ्ट स्किलवाले ट्रेनर? की संस्थेचं ड्राफ्टिंग डिपार्टमेंट? पगारावर मुद्दाम लिहीत नाहीये, त्यावर वेगळा धागा निघेल.

तासिकावाला

पगारावर लिहीत नाही म्हणता, कारण तुम्हाला तो मिळतो :)

राग मानू नका मॅडम, पण तुम्हाला निदान पोस्ट आहे. आमच्याकडं आयटीआयत "इंग्रजीचा शिक्षक" नावाचा प्राणीच नाही. आधी सोशल स्टडीज होतं, २०१२ च्या आसपास त्याच्या जागी एम्प्लॉयबिलिटी स्किल्स आलं, त्यात इंग्रजी घातलं. आत्ताचा सिलॅबस २०२२ चा, पहिल्या वर्षाला १२० तास, दुसऱ्या वर्षाला ६०, मॉड्यूल १२, आणि त्या बारांतलं एक बेसिक इंग्लिश. बाकीचे काय तर संविधानिक मूल्यं, करिअर, डायव्हर्सिटी, पैशाचं आणि कायद्याचं ज्ञान, डिजिटल स्किल्स, उद्योजकता, कस्टमर सर्व्हिस. म्हणजे सोमवारी मी माय सेल्फ शिकवतो, मंगळवारी मूलभूत हक्क, गुरुवारी यूपीआयवर कुणी ओटीपी मागितला तर देऊ नका. वेल्डरच्या पोरांना वाटतं हा माणूस बँकेतून आलाय.

आणि पात्रता बघा, एमबीए किंवा बीबीए किंवा कुठलाही ग्रॅज्युएट किंवा डिप्लोमावाला, दोन वर्षं अनुभव, ट्रेनिंग, आणि इंग्रजी बारावी किंवा डिप्लोमाला शिकलेला असला की झालं. म्हणजे मी एमए इंग्लिश आहे ही गोष्ट माझ्या घरच्यांखेरीज कुणाच्या उपयोगाची नाही. परीक्षा कॉम्प्युटरवर, चार पर्यायांतला एक क्लिक करायचा, बोलण्याला एक मार्क नाही. ज्या कामासाठी मला घेतलंय ते काम परीक्षेत कुठंच दिसत नाही, मग प्राचार्यांना तरी ते का दिसावं?

मी तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे. सकाळी एक आयटीआय, दुपारी दुसरी, आठवड्यातून काही दिवस एक ज्युनियर कॉलेज आणि संध्याकाळी स्पोकनचा क्लास, त्यातल्या त्यात क्लासमधेच लोक मला "इंग्रजीचे सर" म्हणतात. आयडेंटिटी वगैरे ठीक आहे हो, आधी गळ्यात आयकार्ड कुठलं घालायचं ते सांगा.

निळा_डगला

तासिकावाला +१. दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या घरी दिवाळी नसते.

फिटरमास्तर

मॅडम, मी शिल्पनिदेशक आहे, म्हणजे आयटीआयत वर्कशॉपमधे ट्रेड शिकवतो, इंग्रजीशी माझा संबंध तुमच्या मानानं शून्य, तरी लिहितोय कारण विषय आमच्या शेजारच्या खोलीतला आहे.

मला विचाराल तर इंग्रजीवाले सर-मॅडम वर्कशॉपच्या दारापर्यंत येतात आणि आवाज, तेल, भुसा बघून परत जातात. आतमधे काय इंग्रजी आहे ते त्यांनी कधी बघितलेलंच नाही. आमच्याकडं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) आल्यापासून मी बघतोय, स्क्रीनवर अलार्म येतो, लुब लेव्हल लो, एअर प्रेशर लो, ओव्हर ट्रॅव्हल, डोअर नॉट क्लोज्ड. पोरगं काय करतं? वाचतच नाही. लाल दिसलं की रिसेट. परत लाल, परत रिसेट. मग माझ्याकडं, "सर मशीन बिघडलं". मशीन बिघडलेलं नसतं, ते बिचारं सांगत असतं मला तेल घाला. हीच पोरं इंग्रजीच्या तासाला माय एम इन लाइफ पाठ करून म्हणतात, मी ऐकलंय, मुलाखतीत पण तेच म्हणतात, आणि समोरचा साहेब पुढचं वाक्य विचारतो तिथं गाडी थांबते.

अलार्म वाचायला शिकवा, टूल बॉक्सवरचं लेबल वाचायला शिकवा, ब्रेकडाऊन स्लिप लिहायला शिकवा. आम्ही तुम्हाला डोक्यावर घेऊ. आत्ता तुम्ही आमचे पाहुणे आहात, आणि पाहुण्याला कोण काम सांगणार.

पानगळ

मास्तर, आदर आहे, पण असहमत, आणि जोरात असहमत.

अलार्म वाचायला शिकवणं हे काम आहे, नाही म्हणत नाही. पण तेवढंच काम असेल तर त्याला शिक्षक कशाला पाहिजे, मशीनच्या बाजूला एक तक्ता लावा मराठीत, दोन दिवसांत पोरं शिकतील. धंदेशिक्षणातल्या मुलांना इंग्रजी म्हणजे फक्त लेबल आणि बायोडाटा, आणि सायन्सच्या मुलांना मात्र कविता, गोष्टी, निबंध, ही वाटणी कुणी केली? अकरावी-बारावी व्होकेशनलला इंग्रजी होतं ते सगळ्यांना असतं तेच, तेच युवकभारतीचं पुस्तक, तोच पेपर. मी एमसीव्हीसीला (अकरावी-बारावीचे व्यावसायिक अभ्यासक्रम) शिकवलंय, तेव्हा अकाउंटिंगवाली, क्रॉप सायन्सवाली, इलेक्ट्रिकलवाली सगळी पोरं तोच धडा वाचायची आणि मला कधी वाटलं नाही की त्यांना तो झेपत नाही. झेपत नाही हे स्टाफरूममधे ठरतं.

आपण स्वतःहून "सर्व्हिस डिपार्टमेंट" म्हणवून घ्यायला लागलो ना, की उद्या म्हणतील सर्व्हिस बाहेरून घेऊ, एजन्सी लावू, ॲप आणू. काही ठिकाणी म्हणायला लागलेतच.

खडूकाका

निवृत्त आहे, वेळ भरपूर आहे, त्यामुळे लांबण लावतो.

हा प्रश्न नवा नाही पोरांनो. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणात लिहिलं होतं की उच्च माध्यमिकच्या १० टक्के मुलांना १९९० पर्यंत आणि २५ टक्के मुलांना १९९५ पर्यंत व्यावसायिक अभ्यासक्रमांकडं वळवायचं. त्या लाटेत ८८ च्या सुमारास आपल्याकडं एमसीव्हीसी आलं. शेड्स उभ्या राहिल्या, मशिनरी आली, ट्रेडचे निदेशक पूर्णवेळ आले. इंग्रजीला? अर्धवेळ माणूस. ट्रेड हे खरं, भाषा ही फोडणी. ते २५ टक्के काही झाले नाहीत, पण अर्धवेळ माणूस मात्र राहिला.

पॉलिटेक्निकात आमच्या वेळी बोर्ड ऑफ टेक्निकल एक्झामिनेशन्स होतं, १९९७ च्या कायद्यानं त्याचं आत्ताचं स्वायत्त मंडळ, एमएसबीटीई, झालं. आम्ही जुन्या सिलॅबसला उतारे, सारांश, पत्रलेखन शिकवायचो, आर्ट्स कॉलेजचं एफवाय पातळ करून वाढल्यासारखं. मग मी हैदराबादच्या सीआयईएफएलचा कोर्स केला (इंग्रजी आणि परकीय भाषांची १९५८ ची संस्था, आता ती इफ्लू नावाचं विद्यापीठ झाली). तिथं पहिल्यांदा कळलं की आपण जे करतो त्याचं एक शास्त्र आहे, जगभर आहे, साठच्या दशकापासून आहे. विशिष्ट कामासाठीचं इंग्रजी, आधी गरज तपासायची, त्या कामात माणसं काय वाचतात काय लिहितात ते गोळा करायचं, मग धडा. मी इतका पेटून परत आलो की पंपांच्या कंपन्यांची मॅन्युअल्स गोळा करून आणली. प्राचार्य म्हणाले छान, छान, आणि मला परीक्षा विभागात टाकलं. का, तर "तुमचं इंग्रजी चांगलं आहे, बोर्डाशी पत्रव्यवहार असतो". तिथं अनेक वर्षं गेली.

पानगळ म्हणतात ते आणि मास्तर म्हणतात ते, दोन्हीकडं आमची पिढी अडकलेली होती. एमए करताना आमच्या डोळ्यांसमोर सिनियर कॉलेजचा प्राध्यापक असायचा. तिथं जागा नाही म्हणून इकडं. मनातून बरेच जण शेवटपर्यंत बदलीच्या ऑर्डरची वाट बघत बसले, अंगावर शर्ट पॉलिटेक्निकचा पण मन आर्ट्स कॉलेजात. मला वाटतं तुमचं खरं दुखणं तिथं आहे, इतर विभाग काय म्हणतात ते नंतरचं.

शाईपेन

खडूकाका, नेमकं बोट ठेवलंत. आमच्या स्टाफमधे अजून एक जण "इथं तात्पुरता" आहे, तात्पुरता असतानाच त्याला मुलगी झाली, ती आता दहावीला आहे.

कागदी_होडी

यात प्रमोशनचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून काढतो. शासकीय पॉलिटेक्निकला एमपीएससीतून आलो. पुढं जायचं तर पीएचडी, पेपर, हे सगळं लागतं. पीएचडी कशात करणार? गाइड साहित्याचे, विद्यापीठाचा विभाग साहित्याचा, मग विषय स्थलांतरितांच्या कादंबऱ्या. माझा आहे तो. वर्गात शिकवतो चौकशीचं पत्र आणि कंप्लेंट लेटर. ज्या वर्गात मी रोज उभा राहतो त्या वर्गावर संशोधन करावं असं मला कुणी सुचवलंच नाही, मी विचारलं तेव्हा उत्तर आलं "हे एज्युकेशनमधे जाईल". एज्युकेशनवाले म्हणाले "हे इंग्रजीत जाईल".

एनआयटीटीटीआरच्या (तंत्रशिक्षकांना प्रशिक्षण देणारी संस्था) ट्रेनिंगला गेलो तर मला आउटकम, म्हणजे शिकून पोराला काय यायला हवं ते, कसे लिहायचे ते शिकवलं, ते आता झोपेतही लिहितो. पण डिप्लोमाच्या मराठी माध्यमाच्या पोराला पहिल्या महिन्यात बोलतं कसं करायचं, यावर तासभर तरी कुणी बोलावं अशी फार इच्छा होती.

स्टुटगार्टकर

इकडचं सांगतो, तुलना म्हणून नाही, उत्सुकता म्हणून वाचा. माझी बायको इथं बेरूफ्सशूलमधे म्हणजे धंदेशिक्षणाच्या शाळेत शिकवते. पोरं आठवड्यातून एक-दोन दिवस शाळेत, बाकी दिवस कंपनीत, तीन-साडेतीन वर्षं असं चालतं.

गंमत अशी की इकडं अशा शाळेचा शिक्षक व्हायचं तर युनिव्हर्सिटीत सहसा दोन विषय घ्यावे लागतात, एक धंद्याचा आणि एक सर्वसाधारण. म्हणजे मेटल आणि इंग्रजी, किंवा नर्सिंग आणि इंग्रजी, किंवा कॉमर्स आणि इंग्रजी. त्यानंतर शाळेत उमेदवारी आणि दुसरी सरकारी परीक्षा. त्यामुळं मेटलच्या वर्गात इंग्रजी शिकवणारा माणूस बऱ्याचदा पुढच्या तासाला त्याच पोरांना लेथ शिकवत असतो. "तुम्ही कुठल्या डिपार्टमेंटचे" हा प्रश्नच निघत नाही.

दुसरं, इथं केएमके सर्टिफिकेट म्हणून परकीय भाषेची एक परीक्षा आहे, खास धंदेशिक्षणाच्या पोरांसाठी, १९९८ पासून. ऐच्छिक आहे. ए२ ते सी१ अशा भाषेच्या युरोपियन पातळ्या (ए सोपी, सी अवघड), धंद्याच्या क्षेत्राप्रमाणे पेपर वेगळा, आणि तोंडी परीक्षा असतेच. तोंडीत पोराला कामावरचा प्रसंग देतात, म्हणजे गिऱ्हाइकाचा फोन आलाय, पार्ट उशिरा येणार आहे, सांभाळ. ही परीक्षा इंग्रजीच्या शिक्षकाची स्वतःची असते, पोरं पास झाली की श्रेय त्याचं. तासिकावाला म्हणतात ना बोलण्याला मार्क नाही, त्यावरून आठवलं.

फार गुलाबी समजू नका, इकडंही सगळ्या ट्रेडला इंग्रजी सारखं नसतं, आणि शिक्षक कमी पडले की भाषेचे तास आधी उडतात.

शाईपेन

स्टुटगार्टकर, तुमच्या बाडेन-वुर्टेमबर्गशी आपल्या राज्याचा २०२४ ला कुशल मनुष्यबळाचा करार झाला ना, त्या बातमीनंतर मला एका मीटिंगमधे विचारलं, "मॅडम तुम्ही भाषेच्या आहात, जर्मनचं पण बघता का?" मी म्हटलं मला जर्मनमधे फक्त हिटलर माहीत आहे. शांतता पसरली. मिनिट्समधे आलं नाही नशिबानं, मिनिट्स मीच लिहिते.

तासिकावाला

=)) =))

म्हापशेकर

आमच्या गोव्यात हॉटेलच्या कोर्सेसना मी शिकवतो, तिथं हा प्रश्न खूपच कमी येतो असं म्हणेन. कारण फ्रंट ऑफिस काय, रेस्टॉरंट सर्व्हिस काय, बोलणं हाच धंदा. मॉक सर्व्हिस असली की शेफ किचनमधून बघतो, सर्व्हिसचे सर टेबलाकडनं बघतात आणि मी एक वैतागलेला गेस्ट होऊन बसतो, सूप थंड आहे म्हणून भांडतो. पोरानं प्लेट कुठल्या बाजूनं उचलली याचे मार्क त्यांचे, त्यानं मला शांत कसं केलं याचे माझे. कुणी मला पाहुणा म्हणत नाही (म्हणजे गेस्ट मीच असतो, पण ते वेगळं).

पण माझी टोचणी वेगळी आहे. आमच्या पोरांना इंग्रजी बऱ्यापैकी येतं, घरात कोंकणी, रस्त्यावर हिंदी, शाळेत इंग्रजी. मी त्यांना शिकवतो ते फक्त नम्र इंग्रजी. सर्टनली सर, माय अपॉलॉजीज मॅम, आय विल लुक इन्टू इट राइट अवे. कधीकधी वाटतं पोरांच्या तोंडातून "नाही" हा शब्द काढून घ्यायचा पगार मला मिळतो. गेस्ट हद्द सोडून बोलला, पोरीला काहीबाही म्हणाला, तर काय बोलायचं, कुणाला कळवायचं, हे कुठल्याच सिलॅबसमधे मला दिसलं नाही, ते मी माझ्या मनानं घेतो. पानगळबाय म्हणतात त्यात तथ्य आहे ते इथं. (बाय की बाब, माफ करा, आयडीवरून कळत नाही.)

पानगळ

बाब आहे :) पण मुद्दा पोचला.

चाकण_सेकंड_शिफ्ट

मी मेकॅनिकल डिप्लोमा, आता प्रॉडक्शनमधे आहे, नवीन डिप्लोमा आणि आयटीआयची पोरं माझ्याच हाताखाली येतात. मला सगळ्यात जास्त त्रास हँडओव्हरचा होतो. शिफ्ट संपताना रजिस्टरला लिहायचं असतं. पोरगं लिहितं, "मशीन नॉट वर्किंग". बस. कुठलं मशीन, कधीपासून, काय आवाज, कुणाला सांगितलं, काही नाही. त्याच्या जागी "स्पिंडल नॉइज आफ्टर टूल चेंज, स्टॉप्ड २:३०, मेंटेनन्स इन्फॉर्म्ड" एवढंच लिही रे बाबा, ग्रामर गेलं खड्ड्यात.

पण एक खरं सांगू का, लाइनवर कुणी इंग्रजी बोलत नाही. मराठी, हिंदी, भोजपुरी, हेच. इंग्रजी लागतं ते कागदाला, ऑडिटला, कस्टमरच्या मेलला आणि प्रमोशनला. हे चौथं महत्त्वाचं. आमच्याबरोबरचे दोघं माझ्यापेक्षा हातानं भारी होते, मेल लिहायला लागेल म्हणून सुपरवायझर व्हायला नाही म्हणाले. त्यामुळं मास्तर म्हणतात तेवढं लेबलपुरतं इंग्रजी शिकवलंत तर पोरगं मशीनपाशीच राहील हेही लक्षात घ्या.

फिटरमास्तर

हा मुद्दा मान्य. मशीनपाशी राहण्यात कमीपणा नाही, पण राहायचं का नाही ते त्याचं त्यानं ठरवावं.

कागदी_होडी

अवांतर: नव्या शैक्षणिक धोरणानंतर डिप्लोमा द्विभाषिक शिकवायची सोय झाली तेव्हा आमच्या कॉलेजात एका सरांनी मला विचारलं, "आता तुमचं काय?" मला उलट वाटतं आमचं काम तेव्हा खरं सुरू होतं. थर्मल इंजिनिअरिंग मराठीत समजलं तर पोरगं माझ्या तासाला थर्मलबद्दलच इंग्रजीत बोलू शकेल. आत्ता त्याला दोन्ही समजत नाही आणि दोघं एकमेकांकडं बोट दाखवतात.

शाईपेन

मास्तरांनी टोचल्यावर मी गेल्या आठवड्यात एक करून बघितलं, ते सांगते.

इलेक्ट्रिकलच्या पहिल्या वर्षाची बॅच घेऊन मी लँग्वेज लॅबऐवजी मशीन्स लॅबला गेले (आमच्या लँग्वेज लॅबचे हेडफोन हा स्वतंत्र विषय आहे). तिथल्या सरांना विचारूनच. एका थ्री फेज मोटारची नेमप्लेट घेतली. ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, १४४० आरपीएम, आयपी ५५, इन्सुलेशन क्लास एफ. प्रत्येकानं एकेका खुणेवर दोन वाक्यं बोलायची, एक सांगणारं आणि एक काळजी घ्यायचं. पहिली दहा मिनिटं नुसतं खुसुखुसू. मग एका मुलानं आयपी ५५ धरलं. मला स्वतःला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, मी तसं सांगितलं. त्याला पक्कं माहीत होतं, पहिला पाच धुळीचा, दुसरा पाण्याच्या झोताचा, पण मराठीत. त्याला ते इंग्रजीत पाहिजे, मला ते मुळात समजून पाहिजे. तासभर हाच सौदा चालला, फळ्यावर पाच वेळा वाक्य बदललं, शेवटी "डस्ट मे एंटर, बट इट कॅनॉट स्टॉप द मोटार" पर्यंत आलो आणि तिथले सर म्हणाले हे पुस्तकापेक्षा बरं आहे.

आणि पॅसिव्ह व्हॉइस! इतकी वर्षं आम्ही रामानं रावणाला मारलं, रावण रामाकडून मारला गेला, हेच करत बसलोय. जर्नलमधे पोरं रोज लिहितात "द सप्लाय इज स्विच्ड ऑन, द रीडिंग्ज आर नोटेड", सगळं पॅसिव्ह, मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवून. तेच उघडून विचारलं सप्लाय कोण चालू करतो, वाक्यात त्याचं नाव का नाही, तर वर्गात चक्क वाद झाला. एक म्हणाला नाव नको, चूक झाली तर सापडू नये म्हणून :)

पानगळ

हे आवडलं, मोकळेपणानं सांगतो. आता माझंही ऐका. मी वीव्हिंगच्या पोरांना घरातल्या एका कामगार माणसाची मुलाखत घेऊन पानभर इंग्रजीत लिहायला लावतो. इचलकरंजीच्या बाजूची पोरं, बऱ्याच घरांत लूम. एकानं लिहिलं होतं, "माय फादर नोज लूम बाय साउंड. ही इज स्लीपिंग बट ही टेल थ्रेड इज ब्रोकन." क्रियापदं सगळी वाकडी, पण मी त्यावर लाल पेन चालवायच्या आधी ते वर्गात मोठ्यानं वाचून घेतलं आणि क्रियापदं पोरांनीच दुरुस्त केली. हे साहित्य आहे का ट्रेड आहे मला माहीत नाही, मार्क कुठल्या रकान्यात द्यायचे तेही माहीत नाही.

फिटरमास्तर

पानगळ सर, हे पान आमच्या निदेशकांना वाचायला द्या राव. आमच्याकडं बाप काय करतो हे फक्त ॲडमिशन फॉर्मवर असतं.

खडूकाका

शाईपेन, एक सावधगिरीची सूचना. हे असलं काम तुमच्या हौसेवर चालेल आणि तुमची बदली झाली की बंद पडेल. माझी पंपांची मॅन्युअल्स मी निवृत्त झाल्यावर रद्दीत गेली. कागदावर आणा. प्रॅक्टिकलच्या यादीत बसवा, लॅब मॅन्युअलच्या साच्यात लिहा, तेच ते मिनिमम थिअरॉटिकल बॅकग्राउंड, प्रॅक्टिकल रिलेटेड क्वेश्चन्स वगैरे, कंटाळवाणं असतं पण तपासायला आलेला माणूस तेच बघतो. मंडळाची अभ्यासक्रमाची उजळणी दर काही वर्षांनी होते, तेव्हा हे हातात असलं तर बोलता येतं.

कागदी_होडी

के स्कीममधे सेल्फ लर्निंगचे मार्क आहेतच, नेमप्लेट त्यात बसेल. एफए-पीआरमधे (प्रॅक्टिकलचे वर्षभरातले मार्क) घालायचं तर ठरलेल्या प्रॅक्टिकलपैकी एखाद्याशी जोडावं लागेल, डिस्क्रिप्शनच्या प्रॅक्टिकलला जोडा. मी सिव्हिलसाठी सिमेंटच्या गोणीवरचा मजकूर करून बघतो, ग्रेड, आठवडा, वर्ष, सगळं छापलेलं असतं.

तासिकावाला

सगळं छान चाललंय, मी पण खूश आहे, पण एक रोखठोक प्रश्न. शाईपेन मॅडम, तुम्ही मशीन्स लॅबमधे जाऊन घेतलात तो तास टाइमटेबलला लागला कुणाच्या नावावर? कारण माझ्याकडं हे मी केलं तर तो तास ट्रेडचा धरतील, आणि माझ्या बिलातून एक तास जाईल. मला प्रयोग करायची हौस आहे, पण बिनपैशाची नाही.

शाईपेन

तासिकावाला, लागला इलेक्ट्रिकलच्या सरांच्या नावावर. माझ्या रजिस्टरला त्या दिवशी "प्रॅक्टिकल नॉट कंडक्टेड" असा शेरा आहे. एचओडींना पत्र दिलंय की असे तास दोघांच्या नावानं लावा आणि वर्कलोडमधे दोघांना धरा, सरांनी पण त्यावर सही केलीय. तुमच्यासारख्यांच्या बिलाचा मुद्दा त्यात घातला नव्हता, आमच्याकडं तासिकेवर दोघी जणी आहेत, त्यांना विचारून उद्याच पुरवणी पत्र देते. उत्तर आलं की इथं टाकते. तोवर कुणाकडं कॉम्प्युटर आणि सिव्हिलसाठी असं काही तयार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आमच्या फार्मसीच्या मैत्रिणीला औषधाच्या लेबलवर हवंय.